बाबा, तिकीट काढलंय

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

रजा मंजूर झाली आहे, तिकीट रद्द होणार नाही. "माझ्या एवढ्याशा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कशाला येतेस? लिंकन बघ, कामापुढे काही बघायचा का?" असं बाबा फोनवर म्हणाले, म्हणून हे सविस्तर.

बाबा, लिंकनबद्दल तुम्ही सांगायचात ते खरंच आहे. केंटकीतली ओंडक्यांची खोपी, सगळी मिळून वर्षभरही न भरलेली शाळा. १८३२ च्या पहिल्या, आमदारकीच्या निवडणुकीत १३ उमेदवारांत आठवा, पण त्याच्या गावातली, न्यू सेलममधली ३०० पैकी २७७ मतं त्यालाच. दुकान बुडालं, भागीदार वारला, त्याच्याही वाट्याचं कर्ज यानेच वर्षानुवर्षं फेडलं. १८३४ ला आमदार, १८३६ ला उसन्या पुस्तकांवर वकिलीची सनद. आपल्या भिंतीवरच्या चौकटीतलं, लिंकनने मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलं म्हणतात ते पत्र मात्र त्याच्या कागदपत्रांत सापडत नाही. वाईट वाटून घेऊ नका, चौकट तिथेच राहू दे.

पण एक गोष्ट तुम्ही कधी सांगितली नाहीत. जानेवारी १८५१ मध्ये त्याचे वडील थॉमस अंथरुणाला खिळले होते. १२ तारखेला त्याने सावत्रभावाला कळवलं: कामं आहेत, बायको बाळंतपणाने आजारी आहे (धोका नसावा, असंही त्यानेच लिहिलं), आणि आता भेट झाली तर सुखापेक्षा दुःखच व्हायचं. १७ ला थॉमस गेले. तो अंत्यविधीलाही गेला नाही. एकविसाव्या वर्षापर्यंत मुलाला मजुरीला लावून पैसे थॉमस घेत, ती अढी राहिली असावी. तुम्ही तर माझ्या पहिल्या पगाराला हातही लावला नाहीत. मग मी कुठल्या तोंडाने थांबू?

आई, तुला त्याची सावत्र आई सारा आवडेल. विषारी झुडूप खाल्लेल्या गाईचं दूध पिऊन त्याची आई १८१८ ला गेली, तो नऊ वर्षांचा होता. पुढच्या वर्षी सारा घरात आली. स्वतःला लिहितावाचता येत नसून तिने त्याला वाचू दिलं. १८६१ ला अध्यक्षपदाची शपथ घ्यायला निघण्याआधी तो मुद्दाम तिला भेटून आला.

आता ऑपरेशननंतरचं नीट ऐका. दोन औषधांच्या थेंबांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची. बाटलीचं टोक डोळ्याला लागलं तर जंतू जातात. डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून पाणी नाही, बादली उचलायची नाही, झोपताना कवच लावायचं. एकदम दुखलं, लाल झालं किंवा धूसर दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. आई, थेंबांचा तक्ता फ्रिजवर चिकटव.

विमानतळावर कुणी येऊ नका. मऊ भात करून ठेव, बास.

तुमची,
चिऊ