मोज्यासारखे बँडेज मापूनच द्यावे आणि मापूनच घ्यावे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सरकारी रुग्णालयाच्या ड्रेसिंग विभागात मी सत्तावीस वर्षे परिचारिका होते आणि निवृत्तीनंतरही आळीतली माणसे आपल्या जखमा दाखवायला माझ्या ओट्यावर येतात. गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंचा पाय पाहिला, तेव्हापासून हे पत्र लिहायचे मनात होते. जिन्यावर त्यांचा घोटा मुरगळला म्हणून मुलाने दुकानातून मोज्यासारखे पायात चढवायचे लवचिक ट्यूब बँडेज आणले. दुकानात विचारले ते एवढेच, की बाई जाड आहेत की बारीक. मुलगा म्हणाला, मध्यम, आणि त्याच्या हाती ‘मीडियम’ पडले. ते लांबीला जास्त झाले म्हणून पोटरीवर वरचा काठ दोनदा दुमडला आणि चार दिवस, रात्रीसुद्धा, तसाच ठेवला. मी ती दुमड उलगडली, तर नडगीवर बोटभर रुंदीचा जांभळा वळ आणि त्याच्या मधोमध पाण्याने भरलेला फोड होता. काकूंना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे आणि पाय बधिर झाल्यामुळे त्यांना काहीच जाणवले नव्हते. घोटा आठ-दहा दिवसांत बरा झाला. फोड फुटून झालेली जखम मात्र अजून भरते आहे.

या बँडेजचे माप अंदाजाने घेता येत नाही, हे मला कळकळीने सांगायचे आहे. खोक्यावर ७.५ किंवा ८.७५ सेंटिमीटर असे लिहिलेले असते, ती नळी सपाट ठेवली असतानाची रुंदी असते, पायाचा घेर नव्हे, म्हणजे ७.५ सेंटिमीटरची नळी न ताणता १५ सेंटिमीटर घेराची होते आणि पायावर चढताना ताणून दाब देते. त्यामुळे शिंप्याच्या टेपने, बँडेज जिथवर घालायचे त्या भागातला सर्वांत मोठा घेर मोजावा आणि त्या कंपनीच्याच तक्त्यावर आकार पाहावा. आधारासाठी ते दुहेरी घालायचे असते, म्हणून झाकायच्या भागाच्या दुप्पट लांबी आणि वर दोन-तीन सेंटिमीटर एवढे कापावे, आणि दुसऱ्या थराचा काठ पहिल्याच्या दोन-तीन सेंटिमीटर वर ठेवावा, म्हणजे दोन्ही काठ एकाच जागी रुतत नाहीत. लांब झाले तर कात्रीने कापावे, दुमडू मात्र कधीही नये, कारण दुमडलेला काठ पायाला दोरीसारखा आवळतो. टाच झाकलेली आणि बोटे उघडी हवीत. अंगठ्याचे नख दाबून सोडल्यावर दोनेक सेकंदांत लाली परतली नाही, बोटे गार किंवा निळसर पडली, मुंग्या आल्या, तर ते लगेच काढावे. झोपताना तर काढावेच, डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल तरच ठेवावे.

दुसरा घोटाळा जखमेच्या बाबतीत होतो. ड्रेसिंग जागेवर राहावे म्हणून जी हलकी, जाळीची किंवा मऊ विणीची नळी मिळते, ती दाब देत नाही. म्हाताऱ्या माणसांची कागदासारखी पातळ झालेली कातडी चिकटपट्टीबरोबर सोलून निघते, त्यांच्यासाठी तर ती फार सोयीची. पण दुकानात ती मागितली की पुष्कळदा आधाराची घट्ट नळीच पुढे येते आणि कधी कधी उघड्या जखमेवर गॉजही न ठेवता ती चढवली जाते. शिरा फुगून झालेल्या घोट्याजवळच्या व्रणाला दाब लागतो हे खरे, पण पायाच्या धमन्यांत रक्त नीट पोहोचते की नाही हे आधी पाहावे लागते. घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागल्यावर आकडा ०.८ पेक्षा कमी आला, तर तज्ज्ञाला विचारल्याशिवाय दाबाची पट्टी बांधू नये. मधुमेह्यांच्या कडक झालेल्या धमन्यांमुळे हा आकडा फसवा जास्तही येतो, म्हणून त्यांचा पाय डॉक्टरांनीच पाहावा.

मुरगळलेल्या पायावर भार देता येत नसेल, तर या मोज्यावर भागवू नये. इंग्लंडमधल्या ५८४ रुग्णांवर झालेल्या आणि २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापलेल्या अभ्यासात घोट्याच्या अशा गंभीर दुखापतींना नुसत्या नळीच्या बँडेजपेक्षा गुडघ्याखालच्या दहा दिवसांच्या प्लास्टरने तीन महिन्यांनंतर अधिक चांगला गुण आलेला दिसला. नऊ महिन्यांनी तो फरक उरला नव्हता, तरी हातावर पोट असणाऱ्या माणसाला पहिले तीन महिनेच महत्त्वाचे असतात.

औषध विक्रेत्यांना माझी विनंती आहे की, गल्ल्याजवळ एक मापाची टेप टांगून ठेवावी आणि मधुमेह आहे का, हा प्रश्न आकाराच्या आधी विचारावा. कंपन्यांनी खोक्यातला मापाचा तक्ता आणि दुमडू नये ही सूचना मराठीत छापावी. आपणही आरोग्याच्या पानावर घेर कुठे मोजायचा याचे एक चित्र द्यावे. काकूंच्या मुलाला ते आधी दिसले असते, तर त्याने टेप घेऊनच पाय मोजला असता.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, सांगली