फी भरणाऱ्या त्या हातांना

माझी लेक यंदा दहावी पास झाली, बांद्र्यातल्या चर्चच्या शाळेतून. आम्ही धारावीत राहतो, मी चार घरची धुणीभांडी करते. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या गरीब मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव जागा अशा अल्पसंख्याक शाळांना लागू नाहीत, २०१४ साली सुप्रीम कोर्टानेच तसं ठरवलं. म्हणजे फी आलीच.

लॉकडाऊनमध्ये माझी सगळी कामं सुटली. शाळेच्या ऑफिसातल्या सिस्टर म्हणाल्या, "फी भरलीय." कोणी, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. गरिबांना मदत करणाऱ्या चर्चच्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची माणसं असतील का? तुमचा धर्म कोणता, हेही कुणी विचारलं नाही. पुढच्या जूनला वह्या आल्या, रेनकोटसुद्धा!

तुमचे फार फार आभार. रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, सुटते तेव्हा मी फाटकापाशी थांबते आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला मनातून हात जोडते.