रंगाचा डबा उघडण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात ‘मिग-२१ ला नवी झळाळी’ असा फोटो आला होता. जिल्ह्यातल्या एका संस्थेच्या आवारातलं जुनं लढाऊ विमान, शिडीवर रंगारी आणि खाली पाहुणेमंडळी. फोटो झकास आहे, पण विमान मिग नाही. मिग-२१ चं नाक म्हणजे उघडं तोंड, त्यातून सुळका डोकावतो आणि इंजिनाला हवा तिथूनच जाते. फोटोतल्या विमानाचं नाक बंद, टोकदार आहे. हवेची तोंडं दोन्ही कुशींना आहेत आणि शिडीवाला बुटका असूनही त्याचा हात सहज पाठीवर पोचलाय. लांबी जेमतेम नऊ मीटर, पंखांचा पल्ला पावणेसात मीटर. हे नॅट नावाचं छोटं लढाऊ विमान आहे, नाहीतर नॅटवरूनच बंगळूरच्या एचएएलने (हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी विमान कारखान्याने) पुढे घडवलेलं अजित.

मी उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथ चालवला. विमानांचा नाद त्याच्याही आधीचा, उजळाईवाडीच्या विमानतळाच्या कुंपणाला सायकल टेकवून तासन्‌तास आभाळाकडे बघण्याच्या वयातला. त्यामुळे फोटो बघून राहवलं नाही. रविवारी भाच्याला घेऊन, टेप आणि बॅटरी खिशात टाकून तिकडे गेलो.

पहिलं दिसलं ते वायुदलाचं वर्तुळ. आपल्या विमानांवर मधे केशरी, मग पांढरा आणि बाहेर हिरवा असतो. इथे केशरी बाहेर आणि हिरवा मधे. रंगाऱ्याने झेंड्याच्या क्रमाने बाहेरून आत रंगवत नेलं असणार, त्याला काय बोलायचं! दुसरं, हवेच्या तोंडांच्या कडेला ३० मिलिमीटरच्या तोफांची भोकं असतात, ती लांबी (पुट्टी) भरून गुळगुळीत केलेली. तिसरी गोष्ट मात्र मनाला लागली. चौथऱ्यावर ग्रॅनाइटची पाटी आहे आणि तिच्यावर लिहिलंय की परमवीरचक्र विजेते निर्मलजीत सिंग सेखों यांनी उडवलेलं विमान ते हेच.

सेखों १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर हल्ला चढवणाऱ्या पाकिस्तानी सेबर विमानांशी एकट्याने झुंजले. त्यांचं नॅट त्याच झुंजीत पडलं आणि ते त्यातच गेले. वायुदलातलं ते आजवरचं एकमेव परमवीरचक्र. पडलेलं विमान आपल्याकडे चौथऱ्यावर धडधाकट उभं कसं असेल? आणि हे जर अजित निघालं, तर प्रश्नच मिटला, कारण १९७१ साली अजित जन्माला यायचं होतं. पाटी लावणाऱ्यांची श्रद्धा खरी असेल, पण त्या माणसाचा मान राखायचा तर त्याच्या नावावर भलतंच विमान खपवू नये.

मग नॅट की अजित? अजितच्या पंखांतच इंधन भरायची सोय केली, त्यामुळे पंखांखाली बॉम्ब-रॉकेट अडकवायला जास्त जागा मोकळी झाली. ते बघायला खाली वाकलो, तर रंगाचे थर इतके जाड की जोड आणि स्क्रू सगळं बुजलेलं. त्यात काही जुन्या नॅटचंच रूपांतर करून अजित केली होती, त्यामुळे नुसत्या आकारावरून पैजही लावता येत नाही. खरं उत्तर विमानावर रंगवलेल्या क्रमांकात असतं, आणि चाकांच्या खाचेत, झाकणांच्या आतल्या बाजूला बसवलेल्या लहान पट्ट्यांवर.

अंधार पडेपर्यंत थांबलो. बॅटरी शेपटीच्या अलीकडे पत्र्याला अगदी घासून धरली, आडवा उजेड पाडला. दिवसा सपाट दिसणाऱ्या रंगावर हळूहळू कडा उठल्या. इंग्रजी ‘ई’. नॅट-अजितच्या क्रमांकाआधी येतं ते अक्षर. त्याच्यापुढे दोन आकडे लागले, तिसरा वाचवेना. भाचा म्हणाला, “मामा, लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, तसं करूया.” केलं. तिसरा आकडा तीन असेल किंवा आठ. पॉलिश पेपरने एकेक थर हळू उतरवला तर तोही निघेल. पण फोटोत रंगाऱ्यामागे ग्राइंडर दिसतोय. तो एकदा फिरला की ते विमान कोण होतं, कुठल्या स्क्वाड्रनचं होतं, सगळं गेलं.

हे मी फार शहाणपणाने सांगत नाही. तरुणपणी जुन्या बाजारातून एक आल्टीमीटर, म्हणजे विमानाची उंची दाखवणारं यंत्र, आणला होता. हौसेने ब्रासोने चकाचक केला आणि त्याच्या मागचे तपासणीचे शिक्के, तारखा माझ्याच हाताने पुसल्या. आज तो फक्त एक चमकता डबा आहे. (जुन्या काही डायलांवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असतो, तो तर खरवडूच नये. हे मला फार उशिरा कळलं.)

पंखाच्या मुळाशी अंगठ्याने दाबलं तर रंग पापडासारखा मोडला आणि आतून पांढरी भुकटी आली. अ‍ॅल्युमिनियम असंच सडतं, तांबडा गंज दिसत नाही म्हणून कुणी घाबरत नाही. पाणी निचरून जायची भोकं रंगाने बंद झाली की आपल्याकडचा पाऊस पोटात साठतो. पोलादी बोल्टापाशी तर ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियम जास्तच झिजतं. त्यात कुणी कास्टिक सोड्याने धुतलं तर संपलंच. कॅनपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण, तीही कुणीतरी थिनरने पुसलेली दिसते, ताकासारखी झालीय.

भंगारातून विमान उभं करणं आपल्याला नवं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर कानपूरला लिबरेटर बॉम्बफेकी विमानं मुद्दाम निकामी करून टाकून दिली होती. एचएएलच्या लोकांनी ती जुळवून उडण्याजोगी केली, बंगळूरला उडवत नेली आणि आपल्या वायुदलाने ती १९६८ पर्यंत वापरली. त्यांतली काही आज परदेशांतल्या संग्रहालयांत मानाने उभी आहेत. १९६५ साली पाकिस्तानात उतरलेलं आपलं नॅटसुद्धा कराचीच्या संग्रहालयात क्रमांकासह जपलंय, हे लिहिताना जीभ चावावीशी वाटते.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं. आता नाशिकजवळ ओझरला बनलेली कितीतरी मिग गावोगावच्या चौकांत आणि शाळांत येतील. त्यांतल्या प्रकारांपैकी एफएल कोणतं, बिस कोणतं, हे पाठीच्या कण्यावरूनही कळतं: एफएलचा बारीक, बिसचा जाडजूड. पण ते विमान नेमकं कोणतं, हे फक्त त्याचे आकडे सांगतात.

संबंधित संस्थेला आपल्यामार्फत एवढीच विनंती आहे. महिनाभर काम थांबवा. आम्ही उद्यमनगरातले तिघे-चौघे पॉलिश पेपर, कॅमेरा आणि वही घेऊन येतो. मजुरी नको, चहा पाजा. रंग आणून ठेवला असेल तर सीलबंद डबे दुकानदार परत घेतो का ते विचारा, पावती तेवढी जपून ठेवा.

आपला,
एक निवृत्त टर्नर
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर