पायाच्या बायपासचा क्लेम: बाबांस पत्र

कोलंबस, ओहायो
१६ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

अण्णाकाकांच्या पायाची बायपास करायचे घाटते आहे आणि मी तर रोज असल्याच शस्त्रक्रियांची बिले करते, मग त्यात नेमके काय असते, असे तुम्ही गेल्या रविवारी फोनवर विचारलेत. मला तेव्हा नीट सांगता आले नाही. कोषागारात तीस वर्षे देयके तपासलेल्या माणसाला अर्धवट सांगून भागत नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी बिले करते हे तितकेसे खरे नाही. शस्त्रक्रियेनंतर सर्जन तिचा वृत्तान्त सांगतात आणि तो टाइप होऊन माझ्यापुढे येतो. त्याला आम्ही ऑप नोट म्हणतो. ती वाचून झालेल्या कामाला ठरलेले कोड लावणे म्हणजे कोडिंग, आणि ते कोड क्लेमवर चढवून विमा कंपनीकडे पाठवणे, पैसे आले का पाहणे, नाकारले तर पाठपुरावा करणे म्हणजे बिलिंग. पुण्यात रात्रपाळीला मी फक्त पहिले काम करीत असे. इथे ऑफिस लहान असल्यामुळे दोन्ही माझ्याच गळ्यात पडले आहे.

पायाच्या बायपासमध्ये मांडीतली चोंदलेली धमनी तशीच ठेवतात आणि जांघेपासून गुडघ्यामागच्या धमनीपर्यंत रक्ताला दुसरी वाट काढून देतात. ही वाट रुग्णाच्याच पायातल्या शिरेची केली तर सर्जनच्या क्लेमवर ३५५५६ हा कोड लागतो, कृत्रिम नळीची केली तर ३५६५६. वाट गुडघ्याच्याही खाली, पोटरीतल्या बारीक धमन्यांपर्यंत नेली, तर शिरेसाठी ३५५६६. त्याच पायातली शीर काढण्याचे वेगळे पैसे मागता येत नाहीत, कारण ते काम मूळ कोडमध्येच धरलेले आहे. पायात चांगली शीर न मिळाल्यामुळे हातातली काढावी लागली, तर मात्र ३५५०० हा जोडकोड लावता येतो.

खरी गंमत शिरेच्या झडपांची आहे. शिरेतल्या झडपा रक्ताला हृदयाकडेच जाऊ देतात, आणि इथे तर ते पावलाकडे न्यायचे असते. एक उपाय म्हणजे शीर बाहेर काढून उलटी बसवायची. १९४८ साली फ्रान्समध्ये कुन्लँ नावाच्या सर्जनने हेच केले होते. दुसरा उपाय म्हणजे शीर जागची न हलवता तिची फक्त दोन टोके धमनीला जोडायची आणि आतल्या झडपा एका बारीक हत्याराने कापून टाकायच्या. या दुसऱ्या पद्धतीला वेगळा कोड आहे, ३५५८३.

मागच्या आठवड्यात एक नोट आली. (रुग्णाविषयी काहीही सांगणार नाही, इथे १९९६ पासून त्याचा कडक कायदा आहे आणि माझी नोकरी त्यावर टिकून आहे.) शीर्षकात स्पष्ट लिहिले होते, ‘शीर जागेवर ठेवून बायपास’. आत झडपा कापल्याचेही होते. नवख्या माणसाने तिथेच ३५५८३ लावून नोट मिटली असती. दुसऱ्या पानाच्या तळाशी मात्र एक ओळ होती: शीर तिच्या जागेवरून पूर्ण सोडवली, बाहेर काढली, स्नायूंखाली नव्याने केलेल्या बोगद्यातून ओवून घेतली. म्हणजे शीर उलटी केली नव्हती हे खरे, पण ती जागेवरही राहिली नव्हती. शीर जागेवर ठेवली काय किंवा न उलटता हलवली काय, झडपा कापाव्याच लागतात, त्यामुळे त्या शब्दावरून काहीच ठरत नाही. कोड ३५५५६ चाच.

पैशांत फरक फारसा पडत नाही. तरीही शीर्षक आणि मजकूर जुळत नसल्यामुळे मी सर्जनना क्वेरी पाठवली. ‘तुम्ही असे केलेत ना?’ असा उत्तर सुचवणारा प्रश्न आम्हांला विचारता येत नाही. शीर कशी वापरली ते स्पष्ट करावे, एवढेच लिहायचे. दोन दिवसांनी शीर्षक दुरुस्त होऊन आले. ‘व्हाउचर नाही तर खर्च नाही’ असे तुम्ही म्हणायचात. आमच्याकडे म्हणतात, नोंदले नाही ते झालेच नाही.

रुग्णालयाचा क्लेम सर्जनच्या क्लेमपासून वेगळा असतो आणि त्याची कोडपद्धतीही वेगळी आहे. ती मला जास्त आवडते. ०४१के०९एल हा कोड पाहा. शून्य म्हणजे शस्त्रक्रिया, चार म्हणजे शरीराच्या खालच्या भागातल्या धमन्या, एक म्हणजे बायपास, के म्हणजे उजव्या मांडीची धमनी, मग शून्य म्हणजे उघडी शस्त्रक्रिया, नऊ म्हणजे रुग्णाची स्वतःची शीर, आणि एल म्हणजे वाट गुडघ्यामागे पोहोचली. शून्य आणि एक यांच्याशी घोटाळा होऊ नये म्हणून ओ आणि आय ही अक्षरे या पद्धतीत वापरतच नाहीत. आणि सर्जनच्या कोडमध्ये फुकट धरलेली ती शीर काढण्याची क्रिया इथे मात्र स्वतंत्र कोडने दाखवावी लागते!

शस्त्रक्रिया का केली हे सांगणारे निदानाचे कोड आणखी वेगळे. चालताना पोटरी भरून येते, की बसल्या जागी दुखते, की जखम झाली आहे, की बोटे काळी पडली आहेत, यावर कोड बदलतो, आणि उजवा-डावा पायही त्यातच येतो. अण्णाकाकांसारखा मधुमेह असेल, तर दोन्हींचा संबंध डॉक्टरांनी वेगळा लिहिला नसला तरी तो आहे असेच धरायचे, असा नियम आहे.

माझी एक चूकही सांगते. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी एका रुग्णाची नवी वाट बाराव्या दिवशी गुठळीने बंद झाली आणि ती काढायला त्याला पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागले. मी ३५८७५ लावून क्लेम पाठवला आणि तो नाकारला गेला. मोठ्या शस्त्रक्रियेच्या पैशांत पुढच्या ९० दिवसांची देखभाल धरलेली असते. त्या मुदतीत त्याच कारणाने पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, तर कोडला ७८ हा मॉडिफायर, म्हणजे परिस्थिती सांगणारी दोन अंकी खूण, जोडावा लागतो, आणि तो मी विसरले होते. क्लेम दुरुस्त करून पाठवला, पैसे आले, पण आमच्या सुपरवायझर बाईंनी तो कागद महिनाभर माझ्या टेबलासमोर टाचून ठेवला होता. तुम्ही कनिष्ठ लिपिकांशी असेच वागायचात का, हे आईला विचारणार आहे.

आता अण्णाकाकांचे. तिकडे रुग्णालयाने पॅकेज सांगितले आहे म्हणालात. ते आमच्या कोडांसारखे नसते, त्यामुळे आत काय धरले आहे हे आधीच लेखी मागून घ्या. त्यांची स्वतःची शीर वापरणार की कृत्रिम नळी, नळीची किंमत पॅकेजमध्ये आहे की वेगळी, अतिदक्षता विभागाचे किती दिवस धरले आहेत, आणि वाट बंद होऊन पुन्हा आत न्यावे लागले तर तो खर्च कोणाचा, एवढे चार प्रश्न पुरेत. घरी सोडताना डिस्चार्ज कार्डाबरोबर ऑप नोटची प्रतही मागा, पुढे दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायची वेळ आली तर तीच लागते. मिळाली की तिचा फोटो मला पाठवा. वाचायला मला फार तर अर्धा तास लागेल.

आईला नमस्कार. अण्णाकाकांना सांगा की तंबाखूची डबी आता काकूंच्या ताब्यात द्या. या एका बाबतीत मी क्वेरी पाठवणार नाही.

तुमची,
ताई