दुसरा स्रोत नाही, म्हणे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात किनारपट्टीच्या पाण्यावर अर्धं पान वाचलं. सांडपाणी थेट समुद्रात, पावसाळ्यात वाळूवर डांबराचे गोळे, कोळी बांधव हैराण. त्यांचा संताप रास्त आहे, माझी तक्रार नाही. फक्त समुद्राला मिळणाऱ्या नद्यांना तुम्ही शेवटी एका ओळीत उरकलंत. आमची तापी मुलताईहून निघून 724 किलोमीटर चालते आणि सुरतेपुढे त्याच समुद्राला मिळते. ती खान्देशातून जाते, हे तुमच्या वार्ताहराला कोणी सांगितलं नसावं.

आमचं गाव प्रकाशाजवळ. प्रकाशा आणि सारंगखेड्याला बॅरेज झाले, पाणी अडलं, आम्ही पेढे वाटले. आता उन्हाळ्यात नळाला हिरवट पाणी येतं, पुरात तांबडं. पूर आला की जॅकवेलमध्ये, म्हणजे नदीतून पाणी उपसायच्या विहिरीत, गाळ, गाळ आला की मोटार बंद, आणि मोटार बंद झाली की बोअरचं पाणी. ते भांड्यावर पांढरं वाळतं. तिन्ही रंग झाले, झेंडावंदनाला वेगळं काही लागत नाही.

गेल्या श्रावणात आमच्याकडे कानबाई, आमची खान्देशी देवी, बसली होती. भाऊबंद मिळून घरात तीसेक माणसं. पुरणाची डाळ पहाटे चुलीवर चढवली ती नऊ वाजले तरी टणक. बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मंडळी म्हणाल्या सोडा टाकू, मोठी वहिनी म्हणाली देवीच्या नैवेद्यात सोडा? शेवटी पुतण्या मोटारसायकलवर शहाद्याला गेला आणि 20 लिटरचे दोन जार घेऊन आला. तापी घरापासून पाऊण किलोमीटरवर दुथडी वाहत होती आणि कानबाईचं पुरण विकतच्या पाण्यात शिजलं. धुळ्याहून आलेली माझी मोठी बहीण, वय 78, ओट्यावर बसून एकच म्हणाली, "हाई काय पानी से, भाऊ?"

दुसऱ्या दिवशी बाटली भरून संबंधित कार्यालयात गेलो. कोणतं ते लिहीत नाही, उगाच कोणाची बदली व्हायची. साहेबांनी कागद काढला. कठीणपणा, म्हणजे पाण्याचा जडपणा, लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, पण दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतो. "आबा, आपण 600 च्या आत आहोत. पाणी पिण्यायोग्य आहे." मी खिडकीकडे बोट केलं. म्हटलं, साहेब, ती काय आहे? साहेब म्हणाले, "ती नदी आहे. सध्या स्रोत म्हणून बोअर दाखवलाय."

गंगेत स्नान करावं, नर्मदेचं दर्शन घ्यावं आणि तापीचं नुसतं स्मरण केलं तरी पुरे, असं आमचे आजोबा सांगत. कार्यालयाने ते फारच मनावर घेतलेलं दिसतं.

जंतू मारायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली जाते, पाण्यात क्लोरीन उरलं का ते बघायची ओटी टेस्टही होते, रजिस्टरात सही असते. जंतू मरतही असतील, पण पावडरीने पाणी मऊ होत नाही आणि गाळही बसत नाही. त्याला नीट चालणारं शुद्धीकरण केंद्र लागतं. ते आमच्याकडे आहे. त्याच्या आवारात सध्या मक्याची कणसं वाळत असतात.

जाता जाता. मागच्या वर्षी याच विषयावर लिहिलेलं माझं पत्र तुम्ही निम्मं कापलंत आणि 'जॅकवेल'चं 'जेलवेल' छापलंत. चार दिवस लोक मला विचारत होते, आबा, जेलमध्ये विहीर कोणी खोदली? त्याच पानावर उरलेल्या जागेत एका भाऊंच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या, फोटो बावीस. मी मोजले. जागेची अडचण समजू शकतो, पण या वेळी कापायचंच असेल तर वरून कापा, बहिणीचं वाक्य राहू द्या. तिला वाचून दाखवायचंय.

आपला,
एक जुना वर्गणीदार
ता. शहादा, जि. नंदुरबार