लेड झेपलिनच्या 'नव्याकोऱ्या' रेकॉर्डबद्दल तक्रार

दि. १० नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग,
मुंबई कार्यालय

विषय: जुनंच ध्वनिमुद्रण 'यापूर्वी कधीही न आलेलं' म्हणून विकल्याबद्दल, आणि जे खरोखर कधी आलेलं नाही ते न विकल्याबद्दल.

महोदय / महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून मी लेड झेपलिन या सत्तरच्या दशकातल्या इंग्लिश रॉक बँडची 'लाइव्ह ईपी' ही चार गाण्यांची छोटी रेकॉर्ड मागवली. 'फिजिकल ग्राफिटी' या १९७५ च्या अल्बमला पन्नास वर्षं झाली, त्यानिमित्त ती यंदा सप्टेंबरात निघाली. पार्सल वेळेवर आलं. खोकं चेपलेलं नव्हतं, रेकॉर्डवर ओरखडा नाही, कुरिअरवाला लिफ्ट बंद असूनही कुरकुर न करता वर आला. या सगळ्याबद्दल धन्यवाद. तक्रार आत काय भरलंय याबद्दल आहे.

आपल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की यातली चारही थेट ध्वनिमुद्रणं 'यापूर्वी कधीही प्रकाशित झालेली नाहीत'. ती चार गाणी अशी: 'इन माय टाइम ऑफ डाइंग' आणि 'ट्रॅम्पल्ड अंडर फूट' ही लंडनच्या अर्ल्स कोर्टमधली, १९७५ ची, 'सिक अगेन' आणि 'कश्मीर' ही इंग्लंडमधल्याच नेबवर्थ या गावची, १९७९ ची. साहेब, हीच गाणी, याच मैफलींतली, २००३ साली निघालेल्या दोन डीव्हीडींच्या संचात आहेत. तो संच माझ्या कपाटात आहे आणि त्याची डबी उघडून-मिटून बिजागरीपाशी तुटली आहे. हे ध्वनिमुद्रण रेकॉर्डवर आणि सीडीवर पहिल्यांदाच आलंय, हे खरं. आपण तेवढंच लिहिलं असतं, तर मी चकार शब्द काढला नसता. बहुधा तरीही घेतलीच असती. आम्हा चाहत्यांची जात तशीच आहे, आणि हे आपल्यालाही चांगलं ठाऊक आहे.

आपल्या चॅटवर हे सांगितलं तेव्हा उत्तर आलं की उत्पादनात दोष नसल्यामुळे परतावा मिळणार नाही, पण पुढच्या खरेदीवर सूट मिळेल. पुढची खरेदी कशाची करू? माझ्या खऱ्या तक्रारीला इथूनच सुरुवात होते. परताव्यापुरतंच असतं तर चार ओळींत भागलं असतं.

अर्ल्स कोर्टचंच घ्या. मे १९७५ मध्ये आधी तीन कार्यक्रम ठरले होते. तिकिटं भराभर संपली म्हणून दोन वाढवले: १७, १८, २३, २४ आणि २५ मे. प्रत्येक कार्यक्रम तीन तासांच्या वर चालला. मागच्या रांगांनाही दिसावं म्हणून मंचाच्या वर मोठा पडदा टांगला होता आणि त्यासाठी कॅमेरे लावले होते. ते चित्रण उरलं म्हणूनच २००३ ची डीव्हीडी झाली. त्या डीव्हीडीत अर्ल्स कोर्टची किती गाणी आहेत? सहा. खुर्च्यांवर बसून ध्वनिक गिटारीवर वाजवलेली तीन, मग मघाची दोन आणि शेवटी 'स्टेअरवे टू हेवन'. बाकी गुलदस्त्यात.

बसून वाजवलेल्या भागात 'टँजरीन' होतं. चौघांनी आवाजात आवाज मिळवून गायलेलं. लेड झेपलिन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ड्रमवाल्या बॉनमचे ढोल आणि गायक प्लांटची किंकाळी येते, आणि इथे हे चार धटिंगण भजनी मंडळासारखे एका सुरात गाताहेत. मी ते पाहिलंय, पण कसं? कोणाच्या तरी व्हिडिओ कॅसेटच्या प्रतीच्या प्रतीवरून उतरलेल्या चित्रात. त्यात बॉनमचा चेहरा म्हणजे एक तांबूस डाग आहे आणि पडद्याच्या खालच्या बाजूला सतत एक पांढरी रेघ थरथरत असते. २४ आणि २५ मेच्या अशा प्रती जगभरच्या चाहत्यांत कित्येक वर्षं फिरताहेत. म्हणजे काय लपवून ठेवलंय ते सगळ्यांना माहीत आहे. फक्त ते नीट बघायला मिळत नाही.

नेबवर्थची गोष्ट याहून जिवाला लागते. ४ आणि ११ ऑगस्ट १९७९ हे मूळ चौघांचे इंग्लंडमधले शेवटचे दोन कार्यक्रम. पुढच्या वर्षी २५ सप्टेंबरला बॉनम गेला आणि डिसेंबरात बाकीच्यांनी बँड बंद केला. नेबवर्थचंही चित्रण आहे, तेही चांगलं, आणि त्यातली सात गाणी डीव्हीडीत आहेत. वाजवणं चार वर्षांपूर्वीसारखं धारदार नाही, प्लांटचा आवाजही १९७० चा राहिलेला नव्हता. जाणकार म्हणतात की पहिल्या दिवशी हात अडखळत होते. अडखळू द्या की! आम्ही काय परीक्षेचे पेपर तपासायला बसलोय? खासगी मैफलींच्या टेप्ससाठी जीव टाकणाऱ्या मराठी घरांत मी वाढलो. तिथे बुवांना खोकला आला, मध्येच चहा आला, तबला पुन्हा लावून घेतला, हे सगळं टेपवर असायचं. ते कोणी कापलं तर कापणाऱ्यालाच बोल लागायचे.

कापण्यावरून आठवलं. 'हाऊ द वेस्ट वॉज वन' हा तीन सीडींचा थेट अल्बमही २००३ चाच. ऐकायला तो एका मैफलीसारखा वाटतो, पण २५ जून १९७२ चं लॉस एंजेलिस आणि २७ जूनचं लाँग बीच अशा दोन रात्री कापून-जोडून तो केलेला आहे. उत्तम आहे, मी नाही म्हणत नाही. २०१८ मध्ये तो नव्याने रीमास्टर होऊन, म्हणजे आवाज सुधारून, आला आणि आपण तो मला पुन्हा विकलात. त्या दोन रात्री मात्र आपापल्या जागी, सलग, आजही मिळत नाहीत. १९७६ चा 'द साँग रिमेन्स द सेम' हा चित्रपट न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला, जुलै १९७३ चा. त्यात काही भाग कमी पडला म्हणून नंतर स्टुडिओत मंच उभारून पुन्हा चित्रित केला. तोवर बँडमधल्या जॉन पॉल जोन्सने केस कापले होते, म्हणून त्याला टोप घालून उभं केलं. लक्ष देऊन पाहा, दिसतो.

एवढं नटवून-सजवून दाखवायची हौस आहे, तर जे आहे तसं दाखवायला काय हरकत आहे?

आता आपल्या मुंबईचं. १९७२ मध्ये बँडचा गिटारवाला जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत आले होते. कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' या डिस्कोत वाजवून गेल्याची कहाणी मुंबईतले जुने रॉकप्रेमी आजही रंगवून सांगतात. त्याच वर्षी त्यांनी इथल्या वादकांना घेऊन स्टुडिओत 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही दोन गाणी वाजवली. ती अधिकृतपणे निघाली २०१५ मध्ये, 'कोडा' या अल्बमच्या वाढीव आवृत्तीत. त्रेचाळीस वर्षांनी! तोवर ती चोरट्या रेकॉर्डवर ऐकावी लागत होती. आणि निघाली तेव्हाही गाण्याच्या नावापुढे कंसात 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा' एवढंच. व्हायोलिनचा तो जथा कोणाचा, तबल्यावर कोण, हे सांगणारी एक पुस्तिका घालायला काय जात होतं? हिंदी सिनेमाच्या पार्श्वसंगीतात वाजवून घर चालवणाऱ्या वादकांना निदान इथे तरी नावानिशी जागा मिळायला हवी होती. चाहत्यांकडच्या प्रतींत तालमींचे तुकडे आहेत, एकच गाणं पुन्हा-पुन्हा वाजवून बसवत नेलेलं ऐकू येतं. माझ्या मते बँडच्या अख्ख्या साठ्यात सगळ्यात मोलाचं हेच आहे: इंग्लंडचा गिटारवाला आणि मुंबईचे व्हायोलिनवाले एकमेकांचा ताल पकडू पाहताहेत. हे मुंबईत विकायला आपल्याला जाहिरातसुद्धा लागणार नाही.

आपण म्हणाल, चोरट्या रेकॉर्डला आमचा विरोध आहे. माझाही आहे. पण त्यांचं पोट कोण भरतंय ते बघा. १९७७ च्या अमेरिका दौऱ्याची एकही संपूर्ण मैफल आजवर अधिकृतपणे निघालेली नाही. तरीही २१ जून १९७७ ची लॉस एंजेलिसची रात्र जगभर ऐकली जाते, कारण माइक मिलार्ड नावाच्या प्रेक्षकाने चाकांच्या खुर्चीत टेपरेकॉर्डर लपवून ती उतरवून घेतली. त्याच्या पायांना काही झालेलं नव्हतं. खुर्ची यंत्रासाठी होती. हा गुन्हा आहे की सेवा, यावर आमच्या मंडळींत रात्र-रात्र वाद होतात. मी आता वाद घालत नाही, कारण निकाल खुद्द बँडनेच दिलेला आहे. २०१६ च्या 'कम्प्लीट बीबीसी सेशन्स'मध्ये 'सनशाइन वुमन' हे गाणं आहे. ते मार्च १९६९ मध्ये रेडिओसाठी वाजवलं होतं. बीबीसीकडे मूळ टेप राहिली नाही. गाणं वाचलं, कारण कोणा श्रोत्याने घरी रेडिओवरून ते टेप केलं होतं, आणि तीच खरखर अधिकृत सीडीवर आली. म्हणजे श्रोत्याने जपलं म्हणून आपल्याला विकता आलं. आता आपली पाळी.

त्यातून घाईचंही एक कारण आहे. सत्तरच्या दशकातल्या पुष्कळ चुंबकीय टेप्सचा लेप हवेतली ओल शोषतो आणि चिकट होतो. तशी टेप सरळ लावली तर लेप खरवडून यंत्राला चिकटतो, म्हणून आधी मंद आचेवर तासन्‌तास शेकवून मगच ती वाजवावी लागते. तेव्हाच्या दोन इंची व्हिडिओ टेप वाजवणारी यंत्रं आणि ती दुरुस्त करणारे हात, दोन्ही दुर्मीळ होत चालले आहेत. आणि स्पष्टच लिहितो, जिमी पेज आता एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. बँडच्या ध्वनिमुद्रणांची निगराणी आजवर त्यांनीच केली. कोणती टेप कुठल्या रात्रीची, कुठे काय जोडलंय, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

दुसऱ्यांना हे जमलंय. बीटल्सचा 'लेट इट बी' हा १९७० चा चित्रपट चाळीसेक वर्षं अडगळीत होता. २०२१ मध्ये दिग्दर्शक पीटर जॅक्सनने त्या चित्रपटासाठी केलेल्या साठेक तासांच्या चित्रणातून नवी मालिका केली आणि २०२४ मध्ये मूळ चित्रपटही परत आला. त्यात चौघं एकमेकांवर वैतागलेले दिसतात. त्यांची किंमत कमी झाली का? बॉब डिलनच्या १९६६ च्या दौऱ्याचं जेवढं ध्वनिमुद्रण हाती लागलं, तेवढं २०१६ मध्ये छत्तीस सीडींत आलं, अगदी प्रेक्षकांतून केलेलं खराब मुद्रणसुद्धा. आम्ही छत्तीस मागत नाही. चार मैफली सलग द्या, आम्ही गप्प बसतो.

(गप्प बसणार नाही. पण काही वर्षं नक्की.)

मला कळतं की आपण इथे आयात करून विकणारे. आपल्या हातात किल्ली नाही, आणि हयात असलेल्या तिघांच्या मर्जीशिवाय यातलं काही हलत नाही. पण वरच्यांकडे आकडे आपल्याकडूनच जातात. भारतात या बँडची रेकॉर्ड अमुक इतकी खपली, म्हणजे इथले लोक खूश आहेत, असा अर्थ तिकडे निघत असेल, तर सोबत हे पत्रही जाऊ द्या.

तर माझं मागणं असं. आपल्या पानावरचा तो दावा आजच काढावा आणि ही चार गाणी २००३ च्या डीव्हीडीत आलेली आहेत हे तिथे लिहावं, म्हणजे पुढचा गिऱ्हाईक डोळे उघडे ठेवून घेईल. मला पूर्ण रक्कम परत हवी आहे, सूट नको. रेकॉर्ड परत न्यायला माणूस पाठवावा, कव्हरवरचा स्टिकरसुद्धा मी काढलेला नाही. आणि या पत्राचं इंग्रजी भाषांतर आपल्या परदेशी पुरवठादाराकडे पाठवून त्याची पोच मला द्यावी. त्यात २४ आणि २५ मे १९७५, ४ आणि ११ ऑगस्ट १९७९, आणि मुंबईची १९७२ ची संपूर्ण टेप वादकांच्या नावांसह, एवढं ठळक करावं.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या तरतुदीनुसार मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवीन. हे धमकी म्हणून लिहीत नाही. आपल्याशी संबंध तोडायचा माझा विचार नाही. अर्ल्स कोर्ट उद्या आलं, तर पहिली मागणी माझीच असेल, आणि तेव्हा दाराशी पैसे द्यायची सोय ठेवलीत तर बरं होईल.

आपला,
एक जुना ग्राहक
डोंबिवली (पूर्व)

सोबत: बिलाची प्रत, आपल्या पानाचा आणि चॅटचा स्क्रीनशॉट, २००३ च्या डीव्हीडीच्या मागच्या बाजूचं छायाचित्र (चारही गाण्यांखाली लाल रेघ मारली आहे).