सिगारेट सुटली, निकोटिन नाही

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

सिगारेट सोडून दीड महिना झाला, आता फक्त वेप (ई-सिगारेट) ओढतो, हे तू आपणहून सांगितलंस, बरं केलंस. "आता हार्टला धोका नाही ना, आई?" असं विचारलंस. फोनवर एका वाक्यात सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

आधी तू काय कमावलंस ते. सिगारेट पेटली की तंबाखू जळतो आणि धुरासोबत कार्बन मोनॉक्साइड रक्तात जातो. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरतो. रक्त तेवढंच राहतं, पण त्यातला काही वाटा ऑक्सिजन वाहायच्या कामाचा राहत नाही, मग हृदयाला त्याच कामासाठी जास्त राबावं लागतं. वेपमध्ये काही जळत नाही, आतली तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, तापून निकोटिनच्या द्रावाची वाफ होते, म्हणून हा वायू जवळपास नसतोच. शेवटची सिगारेट विझल्यावर एक-दोन दिवसांत तुझ्या रक्तातला तो निघून गेला असेल. जिना चढताना दम कमी लागतो म्हणालास, त्यात याचा वाटा आहे.

रक्तवाहिन्यांचंही तसंच. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या डॉक्टरांनी रोज निदान १५ सिगारेटी ओढणारी ११४ माणसं घेऊन हे तपासलं, २०१९ साली ते छापून आलं. दंडाला पट्टा बांधून रक्त पाच मिनिटं अडवायचं, मग सोडायचं आणि धमनी किती रुंदावते ते सोनोग्राफीवर मोजायचं. निरोगी धमनी लगेच मोकळी होते, धुरानं कडक झालेली तितकी होत नाही. सिगारेट सोडून वेपवर आलेल्यांच्या धमन्या एका महिन्यात सुधारल्या, आणि त्यांच्यातही ज्यांनी अधूनमधूनची सिगारेटसुद्धा टाकली त्यांच्या जास्त. पण हा महिनाभराचा हिशोब आहे, धमनीच्या लवचिकपणाचा. हृदयविकार घडायला वीस-तीस वर्षं लागतात आणि ही यंत्रं बाजारात येऊनच जेमतेम वीस वर्षं झाली. म्हणून "वेपवर आलो म्हणजे हार्ट वाचलं" असं कुणी छातीठोक सांगत असेल तर ऐकू नको.

कारण निकोटिन तसंच आहे. निकोटिन अंगात गेलं की अॅड्रिनॅलिन सुटतं, रक्तवाहिन्या आखडतात, नाडी मिनिटाला १०-१५ ठोक्यांनी वाढते, बीपीही चढतं. हे तू स्वतः मोजून बघ. सकाळी उठल्यावर, खाटेवरून उतरायच्या आधी, मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण ६० सेकंद नाडी मोज आणि लिहून ठेव. वेप ओढल्यावर पाच मिनिटांनी बसूनच परत मोज. आठवडाभर लिहिलंस की माझ्या सांगण्याची गरज उरणार नाही.

सिगारेट दहा-बारा झुरक्यांत संपते, वेपला संपणं नाही. बुटीबोरीच्या रात्रपाळीत ते खिशात असतं, खोलीवर आलास की उशाखाली. निकोटिन साधारण दोन तासांत अर्धं उतरतं, म्हणून सिगारेट ओढणाऱ्याच्याही हृदयाला झोपेत थोडी उसंत मिळते. मध्येच जाग आली की दोन झुरके मारशील तर ती उसंतही जाते. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

तुझ्या वेपच्या द्रावाच्या डबीवर ५ टक्के लिहिलंय का बघ. ५ टक्के म्हणजे एका मिलीलीटरला ५० मिलिग्रॅम निकोटिन. युरोपात मिलीलीटरला २० मिलिग्रॅमच्या वर विकायला परवानगी नाही. १० मिलीलीटरच्या डबीत ५०० मिलिग्रॅम झालं, आणि एका सिगारेटमधून अंगात जातं एक ते दीड मिलिग्रॅम. डबीतलं सगळं काही रक्तात उतरत नाही, तरी हिशोब कळावा म्हणून सांगते. आणि डबीवरचा आकडा खरा कशावरून? २०१९ च्या कायद्यानं आपल्या देशात वेप बनवणं, आणणं, विकणं, साठवणं सगळंच बंद आहे. विकणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे पानठेल्याच्या मागून जे हातात येतं त्याची तपासणी कुणी केलेली नसते. प्रमाणच माहीत नाही तर हळूहळू कमी करणार कसं?

कॉइलचंही ऐक. द्राव संपत आला की आतला कापूस कोरडा पडतो, कॉइल जास्त तापते आणि जळकट चव येते. त्या वेळी वाफेत फॉर्माल्डिहाइड आणि अॅक्रोलिन जास्त बनतात, ते रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला मारक. कॉइलमधलं निकेल, क्रोमियमही थोडं थोडं वाफेत उतरतं. जळकट चव आली तर एक झुरकाही पुढे घेऊ नको.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. सुटीच्या दिवशी मित्रांसोबत "एखादी" होते म्हणालास. हृदयाच्या बाबतीत एक म्हणजे विसाचा विसावा भाग, असं नसतं. २०१८ साली बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले, तेव्हा रोज २० ओढणाऱ्या पुरुषाला हृदयविकाराचा जितका जादा धोका, त्याच्या जवळपास निम्मा रोज एक ओढणाऱ्यालाही निघाला. वेप चालू आणि सिगारेटही अधूनमधून, यात तू कमावलेलं बरंचसं परत जातं.

आणि गावी आलास की खर्रा. तंबाखू-सुपारी पन्नीत घोटलेला, धूर नाही म्हणून निर्धोक, असं आपल्याकडे सगळेच समजतात. ५२ देशांतला हार्ट अॅटॅकचा मोठा अभ्यास २००६ साली आला. तंबाखू चघळणाऱ्यांत अॅटॅकचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या २.२३ पट, ओढणं आणि चघळणं दोन्ही असलेल्यांत ४.०९ पट. वेप सोडायचं म्हणून खर्ऱ्यावर येशील, तर त्यापेक्षा थोडे दिवस वेपच राहू दे, असं मी आई असूनही म्हणेन.

चहा-कॉफीचं कुणी सांगत नाही, म्हणून लिहिते. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफीन भराभर मोडून टाकतं. हे काम धुराचं, निकोटिनचं नाही. धूर बंद झाला की तेवढ्याच कॉफीतलं कॅफीन अंगात जास्त वेळ आणि जास्त प्रमाणात राहतं. रात्रपाळीत चार कॉफ्या घेत होतास तर आता दोनच घे. छातीत धडधड होते, झोप लागत नाही म्हणतोस, त्यात वेपसोबत हेही असेल.

वेप धरून सिगारेट सुटते हे खोटं नाही. इंग्लंडमध्ये ८८६ जणांवर केलेल्या २०१९ च्या अभ्यासात वर्षभरानं वेपवाल्यांपैकी १८ टक्के सिगारेटमुक्त होते, निकोटिनचा चघळायचा गम किंवा अंगाला चिकटवायची पट्टी असं काही घेणाऱ्यांपैकी ९.९ टक्के. पण वेपनं सुटलेल्यांतले ८० टक्के वर्षानंतरही वेप ओढतच होते. तू त्यांच्यात अडकू नकोस. आपल्याकडे मोजून कमी करता येईल असं औषध म्हणजे निकोटिन गम. मेडिकलमध्ये २ मिलिग्रॅमचा मिळतो. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ओढावंसं वाटत असेल तर ४ चा लागेल, तो डॉक्टरांना विचारून. पहिले सहा आठवडे एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन ते चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार ते आठ तासांनी. बारा आठवड्यांत बंद.

चुकतं ते चघळण्यात. खर्ऱ्यासारखा सारखा चावशील तर निकोटिन पोटात जाईल, मग उचकी, मळमळ, जळजळ, आणि लोक म्हणतात गम सोसत नाही. हळू चावायचा, तिखट झिणझिण लागली की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायचा. झिणझिण उतरली की परत दोन-चार वेळा चावायचा. एक गम अर्धा तास. त्याच्या १५ मिनिटं आधी आणि तोंडात असताना कॉफी, कोल्ड्रिंक, ताक, लिंबूपाणी नाही, आंबट तोंडात निकोटिन शोषलं जात नाही. गम आणि वेप सोबत नको. डोकं गरगरलं, थंड घाम आला, मळमळलं तर निकोटिन जास्त झालं समज. पहिले तीन दिवस जड जातील, चिडचिड होईल, चार आठवड्यांत बरंच निवळतं. तलफ काही मिनिटांची असते, तेवढा वेळ उठून चाल. १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो, लाजू नको.

छातीत दाब, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ, दरदरून घाम, दम, यातलं काही दहा मिनिटांत थांबलं नाही तर अॅसिडिटी समजून सोडा पिऊन बसू नको. १०८ ला फोन कर, मोटारसायकल काढू नको. वय कमी आहे म्हणून वाट बघायची नाही.

वेचणी आटोपली की तू येशीलच. बीपी आपल्या उपकेंद्रात घेऊ. त्याआधी अर्धा तास वेप नाही, चहा नाही, पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजायचं. नाडीची वही सोबत आण. जवस, तीळ, बडीशेप भाजून डबा भरून ठेवते, सुपारी न घालता.

तुझी आई